दाजींची हळद

गेल्या भाऊबीजेला मी साताऱ्याहून सांगलीला गेलो, तो रिवाजाप्रमाणे अर्धा किलो कंदी पेढे घेऊन. दाजींनी हात पुढे केला आणि अक्काने पुडा मधल्यामध्ये उचलून फडताळात ठेवला. "त्यांच्या लिव्हरवर चरबी चढलीय," ती म्हणाली.

दाजी हळदीचे अडते. त्यांच्या आजोबांची हळद हरिपूरच्या पेवांत असायची. त्या मातीत पुरलेली हळद वर्षानुवर्षे किडत नाही, हे दाजी अशा थाटात सांगतात की जणू ती माती त्यांनीच आणून टाकली! (२००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरले, हा विषय मात्र त्यांच्यापुढे काढू नये.) तेव्हा त्यांनी औषध म्हणून हळदच धरावी यात नवल नव्हते. नवल हे, की ती त्यांनी विकत घेतली होती. बाटलीतली, कॅप्सूलमध्ये भरलेली! उन्हाळ्यात निदान झाल्यापासून रोज दोन. आणि दिवाळीच्या तोंडावर रक्त तपासले, तर यकृताचे आकडे उतरण्याऐवजी दुपटीने चढलेले. "आणखी काही घेता का?" असे डॉक्टरांनी विचारले होते. दाजी "नाही" म्हणाले. हळद ती काय सांगायची!

मी बाटली हातात घेतली. बारीक अक्षर वाचणे हा आम्हा मास्तरांचा धंदाच. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के करक्युमिन. हळकुंडात ते शेकडा तीनच्या आसपास असते. म्हणजे एक कॅप्सूल ही जवळजवळ पंधरा ग्रॅम हळद झाली. अक्का आमटीत घालते ती चिमूट! वर मिऱ्यांतले पायपरीन. करक्युमिन एरवी रक्तात फारसे उतरत नाही. पायपरीन सोबत असले की सुमारे वीसपट उतरते, असे बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांना १९९८ मध्ये आढळले. जाहिरातवाल्यांना तेवढेच हवे होते. पण हळदीच्या अशा गोळ्यांनी यकृताला सूज आलेले रोगी २०१९ मध्ये इटलीत निघाले, पुढे अमेरिकेतही. असे रोगी थोडेच. पण त्या थोड्यांत आपले दाजी असले तर?

दुसऱ्या दिवशी बाटलीसकट डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अन्नातला घटक औषध होतच नाही असं नाही. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनं काही रोग्यांचं यकृत सुधारल्याचं २०१० साली अमेरिकेतल्या चाचणीत दिसलंय. पण त्यांना मधुमेह नव्हता, तुम्हांला आहे. वजन ८४ ना? सहा-सात किलो उतरवा. त्यानं चरबी हटते."

"फुकटात?" दाजींनी विचारले. व्यापारी माणूस!

कॅप्सूल बंद झाल्या. दोन महिन्यांत आकडे खाली आले. दाजी आता पहाटे चालत हरिपूरच्या संगमेश्वराला जातात. पाच किलो उतरले आहेत. परवा अक्काचा फोन आला. म्हणाली, "यंदा पेढे आण. चारच. मोजून आण."