इंग्रजीच्या तासाचा आरंभ

इंग्रजीच्या तासाचा आरंभ कोड्याने, गोष्टीने अथवा प्रत्यक्ष वस्तूने करावा असे कोणी सुचविले की त्यास दोन पक्षांकडून विरोध होतो. पहिला पक्ष म्हणतो की तास जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांचा, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करण्याची जोखीम शिक्षकाच्या शिरावर, तेव्हा ही चैन परवडण्याजोगी नाही. दुसरा पक्ष आरंभाचे महत्त्व कबूल करतो. परंतु पडदे, यंत्रे आणि विलायती गाण्यांच्या ध्वनिफिती बारामती तालुक्याच्या जिरायती भागातील लोणी भापकरसारख्या गावी कोठून आणाव्यात, असे विचारून तो स्वस्थ बसतो.

पहिला आक्षेप विचारान्ती टिकत नाही. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले आणि पूर्वी पाचवीत भेटणारी ही भाषा, जिचा शब्दही घरी कानावर पडत नाही अशा सहा वर्षांच्या मुलापुढे येऊन उभी राहिली. त्या मुलाने एका सुरात 'गुड मॉर्निंग, टीचर' म्हटले आणि हातातील पेन दाखवून विचारलेल्या 'व्हॉट इज धिस?'चे ठराविक उत्तर दिले, म्हणजे पाठ सुरू झाल्याची दप्तरी नोंद होते. परंतु ज्याचे उत्तर विचारणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास सारखेच ठाऊक आहे, त्या प्रश्नाने जिज्ञासा जागी व्हावी कशी? आरंभी वाचविलेली पाच मिनिटे उरलेला सारा तास निष्प्राण करतात, हा हिशेब पहिला पक्ष मांडीतच नाही. शिवाय ही काही आजची नवलाई नव्हे. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने १६५८ सालीच 'ऑर्बिस पिक्टस' या सचित्र पुस्तकात वस्तू आणि शब्द मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवले होते.

दुसऱ्या पक्षास खुद्द लोणी भापकरच उत्तर देते. तेथे प्राचीन मल्लिकार्जुन मंदिर आहे, पुष्करणी आहे आणि यज्ञवराहाची ती विलक्षण मूर्ती आहे, जिच्या अंगावर लहान लहान विष्णुमूर्ती दाटीने कोरलेल्या आहेत. सहावीचा वर्ग तेथे न्यावा, दोन गटांस वराहाची एकच बाजू नेमून द्यावी आणि 'हाऊ मेनी?' एवढाच सवाल टाकावा. शिक्षकाने मात्र आधी मोजून ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. कारण त्याचे स्वतःचे अज्ञान खरे असेल तरच मुलांचे उत्तर मोलाचे ठरेल. झिजलेली आकृती धरावी की सोडावी यावरून मोजणीत फरक पडेल, 'नो, सर, वन मोर' असे कोणी हट्टाने म्हणेल, आणि जो मुलगा वाचनात अडखळतो तोच कदाचित बोट ठेवून 'हिअर!' म्हणून पुढे सरसावेल.

जेव्हा वर्गाबाहेर जाणे शक्य नसेल तेव्हा कापडी पिशवीत बाजरीचे कणीस ठेवावे आणि आत हात घालणाऱ्यास इतरांनी 'इज इट हार्ड?', 'इज इट लाँग?' असे विचारीत वस्तू ओळखावी. यास खर्च तो काय?

वराहावरील मूर्तींच्या मोजणीचा वाद निकालात निघाला नाही तरी हरकत नाही. दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहावेत, आपलाच आकडा बरोबर का हे प्रत्येक गटास एकेका वाक्यात सांगू द्यावे, आणि त्यानंतरच पाठ्यपुस्तक उघडावे.