खोल्यांचं भाडं आणि कोरडवाहूचा हिशेब



"रान विकतो, अंबाजोगाईत खोल्या बांधतो, पावसाची वाट पाहणं सुटेल," असं बैठकीत कोणीतरी म्हणतंच. विचार खुळा नाही. कपाशी-ज्वारीत खर्च निघत नाही, तेव्हा दरमहा हातात पडणाऱ्या पैशाची ओढ लागणारच. पण आधी हिशेब मांडा.

समजा, दोन खोल्यांना जागेसह 6 लाख लागले. भाडं प्रत्येकी 2,000. वर्षात दोन महिने रिकामे गेले, तर हाती 40,000. घरपट्टी, रंग, गळती यांत 6,000 गेले. उरले 34,000, म्हणजे शेकडा पावणेसहासुद्धा नाही. कर्ज काढून बांधल्या तर हे भाडं व्याजातच जाईल.

भाडेकरू कोण, तेही पाहा. अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय आहे, पोरं दरवर्षी नवी येतात. परळीत मात्र 2015 साली पाण्याअभावी औष्णिक केंद्र बंद पडलं होतं. तिथं कामगारांच्या भरवशावर खोल्या बांधणाऱ्याला दुष्काळ शेताबाहेरही गाठतो.

शिल्लक पैसा असेल तर जरूर बांधा, पण सगळं रान विकून नको. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुन्हा शेतजमीन घेता येत नाही.

आणि भाडेकरू सोयरा असला तरी तोंडी करार नको. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात.