जुना कॉम्प्युटर शाळेला देताय? आधी एकदा चालू करून बघा



एरवी मी इथे एखाद्या पाठाविषयी किंवा वर्गातल्या उपक्रमाविषयी लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूकही आहे.

गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेकांना असा फोन आला असेल, "मॅडम, ऑफिसमधले जुने कॉम्प्युटर काढायचेत. तुमच्या शाळेला हवेत का?" आला नसेल तर येईल. कारण सोपं आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. म्हणजे त्याआधीची, अगदी ठणठणीत चालणारी हजारो मशीन ऑफिसांच्या दृष्टीने एका तारखेत जुनी झाली. ही मशीन कुठे तरी जाणार. भंगारात जाण्यापेक्षा शाळेत यावीत असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. मलाही वाटतं. पण "हो, पाठवा" म्हणण्याआधी आमच्या शाळेत काय झालं ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात शहरातल्या एका कंपनीने आमच्या शाळेला अकरा कॉम्प्युटर दिले. टेम्पो आला, बॅनर लागला, नारळ फुटला. सरपंच आले, फोटो झाले, मुलांना खाऊ मिळाला. आभाराचं पत्र मीच लिहिलं. शाळेत 'मराठी चांगलं' म्हणून अशी पत्रं माझ्याकडे येतात. त्यात मी 'डिजिटल शाळेच्या दिशेने एक पाऊल' असं काहीतरी लिहिलं होतं. आता आठवलं की ओशाळल्यासारखं होतं.

पाहुणे गेल्यावर आम्ही खोकी उघडली. अकरापैकी सहा मॉनिटर जुने, पिक्चर ट्यूबचे, दोन माणसांनी उचलावे असे डबे. कीबोर्ड आठ, माऊस सात, पॉवर केबल पाच. चालू करून पाहिले तर तीन सुरू झाले. दोन नुसतेच बीप बीप करत राहिले. बाकीच्यांचा पंखासुद्धा फिरला नाही.

तोपर्यंत मुख्याध्यापकांनी अकराच्या अकरा डेडस्टॉक रजिस्टरला लावले होते. शिक्षकांना पुढचं सांगायला नको. पालकांना म्हणून सांगते : एकदा वस्तू त्या नोंदवहीत चढली की ती शाळेची मालमत्ता. बंद असली, उंदरांनी वायर खाल्लेली असली, तरी आपल्या मनाने फेकता येत नाही, विकता येत नाही. तिचं निर्लेखन करावं लागतं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, प्रस्ताव, वरची मंजुरी. तोवर ती वस्तू सांभाळायची. तपासणीला कुणी आलं तर मोजून दाखवायची.

आमच्याकडे खोल्या पाच, त्यातली एक गळकी. कॉम्प्युटर ओले होऊ नयेत म्हणून ते कोरड्या खोलीत ठेवले आणि तिसरीचा वर्ग व्हरांड्यात बसवला. 'चार दिवस' म्हणून बसवलेली ती मुलं अख्खा पावसाळा तिथेच बसली. पाऊस तिरका आला की मुलं भिंतीकडे सरकायची आणि मी फळा उचलून आत घ्यायचे. तिसरीचा वर्ग माझाच होता. बंद कॉम्प्युटर कोरडे आणि मुलं ओली, हे मी स्वतः पाहिलंय. चार महिन्यांत ना मुख्याध्यापकांनी ही व्यवस्था बदलली, ना मी त्यांच्याशी भांडले. फुकट मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार कशी करायची, हाच संकोच होता.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. न चालणारा कॉम्प्युटर शाळेला देणं म्हणजे दान नाही. आपल्या घरची अडगळ शाळेच्या नोंदवहीत लिहिणं आहे. आणि शाळेनेही 'नको' म्हणायला शिकलं पाहिजे. आपण शिक्षक 'मिळतंय ना, घ्या' या सवयीत वाढलो आहोत. फुटके डेस्क, मागच्या वर्षीच्या डायऱ्या, कुणाच्या तरी नावाच्या पाण्याच्या टाक्या, सगळं घेतो. कॉम्प्युटरला मात्र जागा लागते, वीज लागते आणि मुख्य म्हणजे माणूस लागतो.

आमचं पुढे जे बरं झालं ते माणसामुळे झालं. शाळेचाच एक माजी विद्यार्थी तालुक्याला दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो गावी आला आणि तीन दिवस आमच्याबरोबर बसला. बीप वाजणाऱ्या मशीनची रॅम काढून तिचे पितळी दात साध्या खोडरबराने घासले, परत बसवली, एक सुरू झालं. मी बघतच राहिले. दर वेळी तारीख चुकवणाऱ्या एका मशीनमध्ये नाण्याएवढा सेल बदलला. एकाची रॅम दुसऱ्याला, तिसऱ्याचा पॉवर सप्लाय चौथ्याला, असं करत अकरातून पाच उभे राहिले. आपण सगळ्यांनी एमएससीआयटी केलंय, पण कॅबिनेटचं झाकण उघडायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. ते उघडताना मुलं बाजूला उभी होती. त्यांच्यासाठी तो कॉम्प्युटरचा सगळ्यात चांगला तास झाला असेल.

एका मशीनमध्ये मात्र वेगळंच सापडलं. कुणाच्या तरी पगाराच्या स्लिपा, आधार कार्डांचे फोटो आणि एका लहान बाळाच्या बारशाचे फोटो. आम्ही ते पुसलं. पण देणाऱ्याने विचार करावा. फाईल डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं आतच असतात, ज्याला काढता येतात तो काढतो. साधी हार्ड डिस्क असेल तर ती पूर्ण खोडून, तिच्यावर नव्याने लिहिणारं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. एसएसडी असेल तर कंपनीच्या स्वतःच्या साधनातून सिक्युअर इरेज करावं लागतं. एवढं जमत नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा आणि बाकी मशीन द्या. त्यात नवी एसएसडी बसवणं शाळेला फार जड जात नाही, आणि जुन्या मशीनचा वेग तेवढ्यानेच सर्वांत जास्त वाढतो.

त्या पाच मशीनवर आम्ही लिनक्स टाकलं. नाव ऐकून घाबरू नका, मीही घाबरले होते. लिनक्स मिंट दोन जीबी रॅमवर चालतं, चार असेल तर बरं. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, आवडलं तरच टाकायचं. पैसे लागत नाहीत, चोरीची कॉपी लागत नाही. केरळच्या सरकारी शाळा पंधराहून जास्त वर्षं लिनक्सवरच शिकवताहेत, तेव्हा 'मुलांना जमेल का' हा प्रश्न जुना झाला. लहानांसाठी जीकॉम्प्री आहे. फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेला हा शंभराहून जास्त खेळांचा संच बराचसा चित्रांवर चालतो. चित्रं काढायला टक्स पेंट आहे. दोन्हींना एकदा बसवल्यावर इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे नेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही खिडकीजवळ.

मराठीच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. आम्ही मुलांना इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवला. त्यात मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. क च्या कळीवर शिफ्ट दाबला की ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. वर्णमालेचा तक्ता बोटांखाली येतो. पण खरी गंमत रफाराची. माझ्या वर्गातली एक मुलगी 'वर्ग' लिहिताना रफार नेहमी व च्या डोक्यावर द्यायची. उच्चार तिचा बरोबर होता. व नंतर र ऐकू येतो, मग र ची खूण व वरच असणार, असं तिचं सरळ गणित. मी दहा वेळा सांगितलं असेल, रफार पुढच्या अक्षरावर. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच. कीबोर्डवर तिने व, र, पाय मोडण्याची कळ आणि ग अशा चार कळा दाबल्या. ग दाबल्याबरोबर तो अर्धा र उडी मारून ग च्या डोक्यावर बसला. ती ओरडली, "बाई, त्याने उडी मारली!" मग 'ग्रह' केला : ग, पाय मोडण्याची कळ, र. इथे र पूर्ण आणि ग अर्धा, म्हणून र खाली तिरक्या रेघेने आला. कुठला र मोडलाय आणि कुठला पूर्ण आहे, हे तिने स्वतः शोधलं. त्या दिवशी तिने 'सूर्य', 'पर्वत', 'प्रकाश', 'चक्र' असे शब्द नुसते उडी बघायला टाईप केले. आता वहीतही तिचा रफार चुकत नाही. ज्या मशीनवर हे झालं त्याची किंमत भंगारात फार तर काही शे रुपये आली असती.

म्हणूनच मी 'जुने कॉम्प्युटर घेऊ नका' म्हणत नाहीये. घ्या, पण निवडून. पिक्चर ट्यूबचा मॉनिटर अजिबात घेऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, तो सत्तर-ऐंशी वॅट खातो, आणि एलईडीवाला वीसच्या आसपास. विजेचा हिशोब चौथीच्या गणितासारखा मांडा : दीडशे वॅटची दहा मशीन रोज चार तास चालली तर सहा युनिट. हे बिल कोण भरणार ते आधी ठरवा. वीज बिल थकून मीटर गेलेल्या शाळा आपल्या सगळ्यांच्या माहितीतल्या आहेत.

आणि पालकहो, नवं घर म्हणजे शाळाच असायला हवी असंही नाही. तुमच्या शेजारी, कामवाल्या मावशींच्या घरी, गावातल्या भावकीत एखादी दहावी-बारावीची मुलगी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करत असते. क्लासला तिला दिवसातून एक तास मशीन मिळतं. तुमच्या माळ्यावरचा डेस्कटॉप तिच्या घरी गेला तर सराव घरी होईल. माझ्या मते दहा मशीन एका कुलूपबंद लॅबमध्ये जाण्यापेक्षा दहा घरांत गेलेली बरी. फक्त देऊन मोकळे होऊ नका. पहिला महिनाभर फोन उचला. "काका, आवाज येत नाही" एवढंच विचारायचं असतं.

आमच्या शाळेतला सर्वांत जास्त वापरला जाणारा कॉम्प्युटर त्या अकरांमधला नाहीच. एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी मुलाचा जुना डेस्कटॉप आणला. केबलसकट, माऊसच्या पॅडसकट. ते बँकेतून निवृत्त झालेत. दोन शनिवार येऊन बसले, मुलांना फोल्डर म्हणजे काय ते दप्तराचं उदाहरण देऊन शिकवलं. आजही काही अडलं की मुलं मला न विचारता त्यांच्याकडे जातात. माझा थोडा अपमानच आहे हा, पण चालतंय.

जे खरंच मेलेलं आहे ते रद्दीवाल्याला देऊ नका, एवढं मात्र ऐका. भंगाराच्या बाजारात तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्डातलं सोनं काढायला ॲसिड वापरतात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद त्यासाठी ओळखले जातात, आणि तिथे हे काम करणाऱ्यांत मुलंही सापडली आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची नोंदणी असते, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्यांची यादी मिळते. चार-पाच कुटुंबांनी मिळून एकदा गाडी बोलावली तर जड नाही. आमचे सहा डबे मात्र अजून शाळेतच आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव दोनदा गेला, एकदा एका सहीसाठी परत आला. ते आता गळक्या खोलीत आहेत. तिसरी आत बसते.

मागच्या महिन्यात पुन्हा एक फोन आला. एका ऑफिसात वीस कॉम्प्युटर निघालेत, कधी नेता? या वेळी मी विचारलं : चालू करून पाहिलेत का? रॅम किती? मॉनिटर कसले? केबल आहेत का? डिस्क पुसल्या का? पलीकडचे साहेब जरा गप्प झाले, मग "बघून सांगतो" म्हणाले. मला वाटलं, आता काही हे परत फोन करत नाहीत. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. एका मुलाला कामाला लावून सगळे तपासले होते. तेरा चालू, चार जीबी रॅम, सगळे एलईडी मॉनिटर. मी चार मागितले. त्यांना आश्चर्य वाटलं, सगळेच न्या म्हणाले. मी आमच्या केंद्रातल्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांचे नंबर दिले आणि त्यांनाही हेच प्रश्न विचारायला सांगितलं. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर चार मशीन आणायला जायचंय. दुकानातला तो माजी विद्यार्थी बरोबर येतोय, तिथेच चालू करून बघणार. बॅनर नको असं मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलंय.