शहराची जुनी गाडी गावात घेताना आधी आरसीवरची तारीख बघा

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत नवीन गाडी दारात आली की जुनी मुरबाड, शहापूरकडे स्वस्तात विकली जाते. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो. आरसीवरची तारीख बघायची राहून जाते, आणि खरा हिशोब तिथेच असतो.

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० वरून ५ हजार रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १० हजार केली. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे १४ वर्षांची गाडी घेतली तर वर्षभरातच हा खर्च अंगावर येतो.

दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरून कोर्टबाजी झाली. महाराष्ट्रात तशी वयाची बंदी नाही. पासिंग झालं तर गाडी चालते. म्हणून कधी काढायची हे मालकानेच ठरवायचं. इंजिनाचं काम करून घेता येतं. पण इथल्या पावसाने खालचा पत्रा, चेसिस गंजून गेली असेल तर तिच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

काढतानाही घाई नको. नुसती भंगारवाल्याला दिली तर आरसी जुन्याच नावावर राहते. उद्या काही भानगड झाली तर विचारणा त्याच घरी. मान्यताप्राप्त स्क्रॅप केंद्राचा दाखला घेऊन आरटीओत नोंदणी रद्द करावी. त्याच दाखल्यावर नव्या गाडीच्या करात सवलतही मिळते.