गुपित किती दिवसांचे?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निजामी हद्दीत शिरले व त्याच दिवशी नळदुर्ग हाती आले. त्या चढाईची वाट एखाद्या पत्राने आधी छापली असती, तर तो जवानांचा घातच ठरता. परंतु पाच दिवसांत निजाम शरण आला. पुढील हत्याकांड कसले लष्करी गुपित? सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, म्हणजे आपला धाराशिव जिल्हा, सर्वाधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत गणला. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. मृत बहुतांशी मुसलमान. रझाकारांचे अत्याचार खरेच होते. ते उघड सांगितले गेले. हा अहवाल मात्र सरकारने प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या ग्रंथालयात पाहावयास मिळू लागला. १९४८ चा वीस वर्षांचा साक्षीदार तेव्हा पंच्याऐंशीचा झाला होता.