धुळीतला धंदा

आमचे जळकोट सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे. संध्याकाळी रस्त्याकडेला पाच मिनिटे उभे राहिले, की पुढचे चाक उचलून गाडी पळविणारी दोन-चार पोरे दिसतातच. गाडी हप्त्यावरची, हेल्मेट घरी खुंटीला. दटावून काही उपयोग होत नाही. म्हणून या खेपेला आम्ही त्यांच्याच आवडीच्या माणसाची हकिकत सांगतो.

बंगळूरचा सी. एस. संतोष, जन्म १९८३. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून मोटारसायकल उडवीत नेण्याची शर्यत. त्यात तो राष्ट्रीय विजेता झाला आणि पुढे वाळवंटातल्या लांब शर्यतींकडे वळला. २०१३ साली अबुधाबीत गाडीने पेट घेतला, मान भाजली. तरी २०१५ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या डकार रॅलीत उतरला. दोन आठवडे, सुमारे ९,००० किलोमीटर, डोंगर आणि वाळू. तो ३६वा आला. ३६वा म्हणून कोणी नाक मुरडू नये. ही रॅली पुरी करणारा तो पहिला भारतीय.

आम्हाला मात्र त्याचे खरे शहाणपण दिसते ते दुसरीकडे. अंगात जोर होता तेव्हाच त्याने कोलारजवळ ‘बिगरॉक’ नावाचे मैदान उभारले आणि खडबडीत वाटेवर गाडी कशी चालवायची, हे पैसे घेऊन शिकवायला सुरुवात केली. जे अंगी मुरले होते तेच विकायला काढले.

६ जानेवारी २०२१ रोजी सौदी अरेबियात डकारच्याच चौथ्या टप्प्यात तो जबर पडला. डोक्याला मार लागला, डॉक्टरांनी औषधाने बेशुद्ध ठेवले. रियाधच्या इस्पितळातून पुढे त्याला भारतात आणले. त्याच्यापाशी उत्तम हेल्मेट होते, मागे मोठ्या कंपनीचा संघ होता, मदतीला हेलिकॉप्टर होते. आमच्या रस्त्यावर यातले काय आहे?

तो वाचला. शिकवण्याचे काम टिकून राहिले. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस लीग सुरू झाली, तीत ‘बिगरॉक’चाही संघ होता. ती लीग काढणारे वीर पटेल, ईशान लोखंडे हेही जुने स्पर्धकच.

आता खरे बोलू. शर्यतीची परदेशी गाडी काही लाखांची. मजुराच्या घरातून ती येणे नाही, आणि त्यासाठी आईचे मणी-मंगळसूत्र गहाण टाकू नये. पण प्रत्येक स्वारामागे इंजिन उघडून बसवणारा, शॉकअप जुळवणारा मिस्त्री लागतोच, आणि त्याला गावातही काम आहे.

आयटीआयत मोटार मेकॅनिकचा कोर्स असतो. ज्या पोरांना अर्ज भरायचा आहे, त्यांनी रविवारी सकाळी आम्हाला भेटावे. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र सोबत आणावे. येताना चालत आले तरी चालेल.