पाण्याखालचे आजोळ

फलटणच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेला मी, पंचेचाळिसाव्या वर्षी तारकर्लीला हवेचे नळकांडे बांधून समुद्रात उतरलो. शिक्षकाने दोनच गोष्टी घोकून घेतल्या : नाक दाबून कान मोकळे करायचे आणि श्वास कधीही कोंडायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट. कोंडलेली हवा वर येताना फुगते नि फुप्फुस फाडते. व्याकरणाचे नियम इतक्या धाकाने मी कधी शिकविले नाहीत!

ओढ मात्र गोड्या पाण्याची. जहाजाचे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. म्हणून अमेरिकेच्या महासरोवरांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बुडालेली काही शिडाची जहाजे अजून डोलकाठीसकट उभी आहेत. मग आमचे आजोळ? जुने पळसदेव उजनी धरणात गेले; धरण १९८० साली पुरे झाले. पाणी ओसरले की तिथले देऊळ वर येते. घर येत नाही.

शिक्षक म्हणाला, "सर, धरणाच्या गाळात स्वतःचा हात दिसत नाही. तिथं उतरू नका."

आईला हे सांगितले. वाती वळता वळता ती म्हणाली, "दारं, तुळया आम्ही गाडीत घालून आणल्या रे. उंबरा तेवढा राहिला. दगडाचा होता." मग थोड्या वेळाने, "खाली किती वेळ राहता येतं?"